पद्मिनीचा मूळ रेडिओ दुरुस्त करायचाय, फेकायचा नाहीये. जाणकारांनी मदत करा

जुनीपद्मिनी

नमस्कार मंडळी, गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, घरचीच, बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. इंजिन, ब्रेक, सीट, क्रोम, रंग सगळं करून घेतलं आणि आता दृष्ट लागेल अशी दिसतेय. राहिलाय फक्त रेडिओ. मूळचाच आहे, पाच बटणांचा, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला. कंपनीचं नाव नाही घेत, त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राच्या डॅशबोर्डवर तोच असायचा. चालू केला की स्पीकरमधून 'ठक्' असा आवाज येतो, डायलचा दिवा लागतो, मग नुसती घूं घूं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा फिरवला तरी स्टेशन एकही नाही.

विचारलं तिथे सगळ्यांचं उत्तर एकच, साहेब आतलं फेकून देऊ, पट्टी आणि बटणं तीच ठेवू आणि मागे ब्लूटूथचं किट बसवून देऊ. मला ते करायचं नाहीये. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, सर्किट डायग्राम मात्र नाही. सुरुवात कुठून करू?

खडखडराव

वाचतोय. फोटो डकवा, मागच्या बाजूचा पण, वायरी दिसतील असा.

सोल्डरबाबा

'ठक्' येतोय ही फार चांगली बातमी आहे. म्हणजे स्पीकर जिवंत आहे आणि आउटपुटचा मोठा ट्रान्झिस्टर पण बहुतेक जिवंत आहे. आता गाडीतून काढा आणि टेबलावर घ्या, डॅशबोर्डखाली उताणं झोपून हे काम होत नाही.

आधी पोलॅरिटी बघा. त्या काळच्या बऱ्याच रेडिओंना मागे पॉझिटिव्ह अर्थ / निगेटिव्ह अर्थ बदलायची छोटी पट्टी किंवा प्लग असायचा कारण ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ लागतो. उलटी पोलॅरिटी दिली की जर्मेनियम ट्रान्झिस्टर फ्यूज उडायची वाट बघत नाही.

दुसरं, बॅटरी चार्जरवर टेस्ट करू नका, त्याचा करंट गुळगुळीत नसतो, हम् येणारच आणि तुम्ही बसाल ती रेडिओत शोधत. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी घ्या आणि तिच्या पॉझिटिव्हच्या वायरीत सीरीजमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब टाका. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि रेडिओ वाचेल. नुसता मंद लाल झाला तर ठीक आहे, मग बल्ब काढून २ अँपियरचा फ्यूज टाका.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ कधीच चालू करायचा नाही, एक सेकंदसुद्धा नाही. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नाहीतर चोक असतो, लोड नसेल तर त्याच्या झटक्यात तो मोठा ट्रान्झिस्टर जातो आणि आता तो मिळवायला वणवण करावी लागते.

एवढं झालं की व्हॉल्यूम पूर्ण वर करा आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दांड्याच्या लोखंडाला बोट लावा. स्पीकरमधून जोरात भणभण आली तर तिथून पुढचं सगळं ठीक, नाही आली तर ऑडिओमध्येच गडबड. अर्धा रेडिओ एका बोटात तपासून होतो.

मिलीहेन्री

+१ बाबांना. फक्त एक जोडतो, काहीही करा पण आयएफच्या (रेडिओच्या मधल्या ट्यून केलेल्या टप्प्याच्या) चौकोनी डब्यांमधले फेराइटचे स्क्रू फिरवू नका. "जरा फिरवून बघू" म्हणून फिरवले जातात, कोअर आत तुटतो, नाहीतर सगळं अलाइनमेंट गेलं म्हणून समजा. ते आपोआप हलत नाहीत, मेण लावून बसवलेले असतात. दोष सहसा तिथे नसतो.

गिरगावचा_गणू

हे सगळं खरंय पण मुद्दा असा की रेडिओ दुरुस्त करून ऐकणार काय? मीडियम वेव्हचे कितीतरी ट्रान्समीटर बंद झालेत, जे आहेत त्यांच्यावर शेजारच्या एलईडी बल्बची खरखर. आमच्या गाडीत वडिलांनी रेडिओ बसवला तेव्हा पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागलं होतं आणि दरवर्षी त्या पुस्तकावर तिकीट चिकटवून शिक्का घ्यायचा, तेव्हा त्या रेडिओला किंमत होती. आता मोबाइल आहे ना खिशात. ब्लूटूथ बसवा आणि जुनी गाणी लावा, बाहेरून कोणाला कळतंय.

जुनीपद्मिनी

गणूकाका, कळण्याचा प्रश्नच नाहीये हो. कार्बोरेटर पण काढून टाकता आला असता की, बॉनेट बंद असताना तो तरी कोणाला दिसतो.

तपकीरगल्ली

गणूभाऊंशी असहमत. ब्लूटूथवाले करतात काय, तर आतलं सगळं खरवडून भंगारात टाकतात. त्यात ट्यूनिंगची जी यंत्रणा असते ती परत बनत नाही. घरच्या रेडिओत पत्र्यांचा गँग कंडेन्सर असतो, गाडीत हादऱ्यांनी त्या पत्र्यांचं अंतर हललं तर स्टेशन सरकणार, म्हणून कार रेडिओत कॉइलच्या आत फेराइटच्या कांड्या सरकतात. बटण दाबलं की एक तिरकी पट्टी त्या सगळ्या कांड्या एकदम ठरलेल्या खोलीवर नेऊन ठेवते. बॅटरी काढली, गाडी दहा वर्षं उभी राहिली तरी पाचही स्टेशनं लक्षात. एकही चिप नाही त्यात. हे कचऱ्यात टाकायचं?

@जुनीपद्मिनी, पुण्यात असाल तर इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर (सप्लायची घूं घूं गाळणारे, वयाने सुकतात, ते बदलावे लागणारच) बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुठेही मिळतील. जुने ट्रान्झिस्टर मात्र बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरून मेलेले रेडिओ विकत घ्यायचे आणि त्यातले काढायचे. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड.

जुनीपद्मिनी

पुण्यातच आहे. अपडेट देतो. पोलॅरिटीची पट्टी निगेटिव्हवरच होती. सीरीजचा बल्ब मंद लाल झाला. बोट लावल्यावर भणभण आली पण दबकी, आणि घूं घूं तशीच. मग सगळे इलेक्ट्रोलायटिक बदलले. सप्लायचा मोठा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून मीटरवर लावला तर तो आकडा दाखवायलाच तयार नाही, बुडाशी हिरवट पांढरी पूड जमली होती. नवीन कंडेन्सर निम्म्या आकाराचे आहेत, अंगठ्याएवढ्या जागेत करंगळीएवढा बसलाय. घूं घूं गेली. बोट लावल्यावर आता असा आवाज येतो की शेजारच्यांनी गॅलरीतून डोकावून बघितलं.

पण स्टेशन अजून एकही नाही. अँटेनाच्या सॉकेटमध्ये चार-पाच फूट वायर खुपसून बघितली, काही नाही. हवेची सळसळसुद्धा नाही, एकदम स्मशानशांतता.

सोल्डरबाबा

छान चाललंय. आता अँटेनाकडच्या भागात ट्रान्झिस्टर कोणते आहेत ते वाचून सांगा. उंच टोपीसारखा डबा आणि चार पाय असेल तर नंबर एएफ ११४ ते ११७ पैकी असणार.

जुनीपद्मिनी

बरोब्बर! एएफ ११७. तीन आहेत. तुम्हाला न बघता कसं कळलं?

सोल्डरबाबा

कारण हा जगभरचा रोग आहे. त्या ट्रान्झिस्टरच्या डब्याला आतून कथलाचा मुलामा असतो. त्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं कथलाचे केस उगवतात, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक, आणि वाढत वाढत आतल्या पायांना जाऊन टेकतात. डबा चौथ्या पायाने अर्थला जोडलेला असल्यामुळे जो पाय टेकला तो शॉर्ट. ट्रान्झिस्टर न वापरता डबीत ठेवला असला तरी हे होतं, त्यामुळे कोणी "नवीन, सीलबंद" म्हणून विकत असेल तर हुरळून जाऊ नका.

तपासायचं असं, चार पाय एका ओळीत असतात आणि त्यातला एक जरा लांब सोडलेला असतो, तो कलेक्टर. त्याच्या शेजारचा शिल्डचा पाय. रेडिओ बंद करून फक्त तो शिल्डचा पाय सोल्डर काढून उचला. मग मीटरचं एक टोक डब्याला आणि दुसरं बाकीच्या तीन पायांना आळीपाळीने लावा, कुठेही कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर तिथे केस टेकलाय.

उपाय ऐकून हसाल. शिल्डचा पाय कापून टाकायचा, बस. एकच पाय डब्याला टेकला असेल तर डबा अर्थपासून सुटला की शॉर्टही सुटतो आणि ट्रान्झिस्टर परत कामाला लागतो. दोन पाय टेकले असतील तर मात्र ते डब्यातून एकमेकांना जोडले जातात, मग बदलणं आलं. काही लोक कंडेन्सर चार्ज करून त्याच्या झटक्याने केस जाळतात, ते पण चालतं पण केस परत उगवू शकतात.

सोल्डर करताना पाय नोज प्लायरने धरून ठेवा म्हणजे उष्णता प्लायर पिईल. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

मिलीहेन्री

बदलायची वेळ आली तर सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर तसाच ठोकू नका. जर्मेनियमला बेस-एमिटरला ०.२-०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६-०.७ लागतात, बायसचे (बेसला हा व्होल्टेज देणारे) रेझिस्टर बदलल्याशिवाय तो झोपूनच राहील.

न्यूजर्सीचा_नाना

धागा मस्त रंगलाय. माझ्याकडे इकडे १९५४ ची शेवरोले आहे, सहा व्होल्टची, ५५ पासून त्यांनी बारा केले. तिचा रेडिओ तुमच्याही आधीच्या पिढीतला, व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हला दोनशेच्या वर व्होल्ट लागतात आणि बॅटरी सहाची, मग करायचं काय, तर व्हायब्रेटर नावाचा एक डबा असतो, आत पोलादी पट्टी सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरते आणि डीसी तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला देते. चालू केला की आधी नुसता गुंईंईं असा आवाज, मग व्हॉल्व्ह तापले की गाणं.

असा रेडिओ कोणाच्या हाती लागला तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा बफर कंडेन्सर पहिला बदला, नंतर चालू करा. १६०० व्होल्टचा लागतो, कमीचा टाकू नका. तो गळका असेल तर व्हायब्रेटरचे पॉइंट चिकटतात आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि या रेडिओत हात घालताना जपून, बॅटरी सहाची असली तरी आत झटका दोनशेचा आहे.

जुनीपद्मिनी

बाबा, साष्टांग नमस्कार घ्या!! पहिल्या एएफ ११७ चा डबा आणि कलेक्टर शॉर्ट होता, तिसऱ्याचा बेस. दोघांचे शिल्डचे पाय कापले, मधला चांगला होता पण त्याचाही कापून ठेवला. चालू केलं आणि सळसळ आली, काटा फिरवला तर ७९२ किलोहर्ट्झच्या आसपास आकाशवाणीचं पुणे केंद्र!! टेबलावर, पाच फूट वायरीवर, स्वच्छ. आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली आणि म्हणाली हा आवाज कुठून येतोय.

आता नवीन दुखणं. गाडीत परत बसवला तर आवाज एकदम बारीक, पुणे केंद्रसुद्धा कान लावून ऐकावं लागतंय. इंजिन बंद असतानाची गोष्ट. अँटेना जुनीच आहे, डाव्या मडगार्डवरची, क्रोम करून घेतली.

उद्यमनगर

कोल्हापुरास्नं नमस्कार. आमचं रंगकामाचं आणि फिटिंगचं गॅरेज हाय, रेडिओतलं सर्किट-बिर्किट आम्हाला कळत नाही, पण ह्यो प्रॉब्लेम रिस्टोअर केलेल्या प्रत्येक गाडीत येतोय बघा.

जुन्या रंगाखाली अँटेनाचा बूड पत्र्याला घासून बसलेला असायचा, तिथनं अर्थ मिळायचा. आता तुम्ही गाडी पत्र्यापर्यंत खरवडून इपॉक्सी प्रायमर, वर रंग, वर क्लिअर कोट मारलाय. मडगार्डचं भोक आतनं पण रंगलंय. अँटेनाला अर्थ मिळायचा कुठनं? तसंच रेडिओच्या मागच्या पट्टीचं, तसंच बॉनेटच्या बिजागरीचं. गाडी जेवढी देखणी रंगवाल तेवढा अर्थ वाईट.

अँटेना सोडवा, मडगार्डच्या खालच्या अंगानं भोकाच्या कडेला बोटभर रंग पॉलिश पेपरनं काढा, पत्रा चकचकीत दिसू दे. दातेरी वायसर टाकून आवळा आणि बाहेरनं ग्रीस फासा म्हणजे गंज धरणार नाही. वरनं काय दिसत नाही. मीटर लावून अँटेनाच्या केबलची जाळी ते बॅटरीचं निगेटिव्ह बघा, एक ओहमच्या आत पायजे.

सोल्डरबाबा

उद्यमनगर भाऊ, हे सोन्यासारखं लिहिलंत.

त्यात भर, अँटेनाची केबल बदलली असेल तर कोणती टाकली ते बघा. टीव्हीची केबल चालत नाही. कार रेडिओत अँटेना आणि केबल मिळून पहिल्या कॉइलचा भाग असतात, केबलची कपॅसिटन्स जास्त झाली की सिग्नल तिथेच मरतो. मूळ केबलमध्ये बारीक तार पोकळ नळीत सैल असते ती त्यासाठीच.

अर्थ झाला की शेवटचं काम, अँटेना पूर्ण वर करा, डायलच्या १४०० च्या बाजूला एखादं कमजोर स्टेशन किंवा नुसती सळसळ लावा आणि अँटेना सॉकेटशेजारच्या भोकातला ट्रिमर बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवून आवाज जास्तीत जास्त करा. गाडी बदलली, अँटेना बदलली की हे दरवेळी करायचं असतं. आणि वर सांगितलेला "स्क्रू फिरवू नका" हा नियम या एका ट्रिमरला लागू नाही.

जुनीपद्मिनी

भाऊ, मानलं तुम्हाला. जाळी ते बॅटरी कनेक्शनच नव्हतं, मीटर उघड्या वायरीसारखा गप्प. भोकाची कड घासली, वायसर टाकला, ट्रिमर फिरवला, आणि आता रात्री तर कुठली कुठली स्टेशनं लागतायत, भाषासुद्धा ओळखू येत नाही.

आता तिसरा अंक. इंजिन चालू केलं की टकटकटकटक आणि त्यात मिसळून एक कुईंऽऽ. दोन्ही रेस दिली की वाढतात.

तपकीरगल्ली

दोन वेगळे चोर आहेत. रेस देऊन इग्निशन बंद करा, इंजिन थांबेपर्यंत ऐका. टकटक तत्क्षणी बंद होईल, ती प्लगची ठिणगी. कुईं इंजिनाबरोबर खाली उतरत जाईल, तो डायनामो. मग इंजिन चालू असताना अँटेनाचा प्लग काढा, जो आवाज गेला तो अँटेनातून येत होता, जो राहिला तो सप्लायच्या वायरीतून.

ठिणगीसाठी प्लगवर सप्रेसर कॅप लावा आणि इग्निशन कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर कंडेन्सर, त्याची बॉडी कॉइलच्या क्लॅम्पखाली अर्थ करून. पॉइंटकडच्या टोकावर लावू नका, तिथे डिस्ट्रिब्यूटरचा स्वतःचा कंडेन्सर असतो, अजून एक लावला तर ठिणगी कमजोर होईल. डायनामोलासुद्धा तसाच कंडेन्सर, पण मोठ्या टोकावर. फील्डच्या बारीक टोकावर लावलात तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतील. आणि बॉनेट ते बॉडी एक विणलेली अर्थ पट्टी, उद्यमनगर म्हणाले तसं तिथेही रंग आडवा आलेला असणार.

मिलीहेन्री

एक विचारू का, गाडीत मोबाइल चार्जर किंवा एलईडी हेडलाइट बसवलेत का? त्यांच्यातल्या स्विचिंग सर्किटची शिट्टी बरोबर मीडियम वेव्हमध्येच पडते. डायनामोवर आळ घ्यायच्या आधी ते काढून बघा.

जुनीपद्मिनी

चार्जर होता!! ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवून बसवलाय. तो काढल्यावर कुईं पाऊण कमी झाली. कॉइलवर कंडेन्सर, प्लगला कॅप आणि बॉनेटला पट्टी टाकल्यावर टकटक गेली म्हणजे गेलीच. डायनामोची थोडी कुईं उरलीय, फक्त चढावर ऐकू येते. राहू दे, माझी हरकत नाही.

गिरगावचा_गणू

अभिनंदन. जिंकलात. आता खरं सांगा, मोबाइलवरची गाणी लावायची सोय मूळ रेडिओ न खरवडता होते का? विचारायला काय जातंय :)

सोल्डरबाबा

होते की. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला डिटेक्टरकडून (रेडिओ सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा भाग) जी वायर येते ती एका छोट्या स्विचवर आणा, एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल. मोबाइलचे डावा-उजवा दोन्ही चॅनल प्रत्येकी एक किलोओहम रेझिस्टरमधून एकत्र करा आणि मध्ये १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका. स्विच मागे लपवा. उद्या नको झालं तर दोन सोल्डर काढले की होतं तसं. स्पीकर एकच असल्यामुळे स्टिरिओ विसरा.

मॉरिसची_माई

हे माझ्या मॉरिस मायनरमध्ये करता येईल का? तिचा पॉझिटिव्ह अर्थ अजून तसाच आहे आणि तो मला बदलायचा नाहीये.

सोल्डरबाबा

करता येईल माई, पण मोबाइल त्याच वेळी गाडीच्या चार्जरला लावलेला नसावा. चार्जरचा निगेटिव्ह बॅटरीच्या निगेटिव्हला, तुमच्या गाडीत तो बॉडीपासून बारा व्होल्ट लांब, आणि ऑडिओ केबलची जाळी रेडिओच्या चासीला म्हणजे बॉडीला. दोन्ही मोबाइलच्या आत एकत्र येतात. थेट शॉर्ट. मोबाइल त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा, काही होत नाही.

जुनीपद्मिनी

शेवटची शंका. चार बटणं स्टेशन धरतात, तिसरं धरत नाही. दाबलं की काटा जागेवर जातो आणि बोट काढलं की थोडा मागे सरकतो.

तपकीरगल्ली

बटण बाहेर ओढून, स्टेशन लावून, शेवटपर्यंत आत दाबताय ना? तरी सरकत असेल तर बटणामागची तिरकी पट्टी जिथे आवळली जाते तिथे जुनं ग्रीस सुकून राळ झालेली असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन ती जागा साफ करा आणि सरकणाऱ्या भागांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. ट्यूनिंगच्या दांड्यावरच्या क्लचच्या चकतीला मात्र तेल लागू देऊ नका, नाहीतर हाताचं ट्यूनिंगही घसरायला लागेल. त्याच्यानेही नाही झालं तर तिसऱ्या बटणाची पट्टी झिजलीय. मग रविवारी जुन्या बाजारात या, माझ्याकडे एक मेलेला रेडिओ पडलाय याच धर्तीचा, त्यातली बसते का बघू.

जुनीपद्मिनी

येतो. गाडी घेऊनच येतो, पार्किंगचं मात्र सांगा.